सर्जिकलच्या दुकानात पेशंटची माहिती कशी सांभाळायची: सुरुवातीपासून शेवटपर्यंत, क्रमाने

नाशिकमध्ये सर्जिकलची दुकानं आता गल्लोगल्ली झालीत. गोळे कॉलनीतले होलसेलवाले वेगळे, पण सिव्हिलच्या आसपास, कॅनडा कॉर्नरला, सिडकोत, नाशिकरोडला बेड आणि बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं मशीन) भाड्याने देणारे, स्टोमा बॅग (ऑपरेशननंतर पोटावर लावायची पिशवी), कॅथेटर (लघवीची नळी), डायपर घरपोच करणारे, हे सगळे रोज पेशंटची माहिती घेतात आणि ती सांभाळायला बसले की उलट्या टोकापासून सुरुवात करतात. आधी सॉफ्टवेअर विकत घेतात, अँटीव्हायरस टाकतात, कॅमेरे लावतात, आणि प्रिस्क्रिप्शनचे फोटो मात्र दुकानातल्या सगळ्या पोरांच्या पर्सनल मोबाइलच्या गॅलरीत पडलेले. छोट्या दुकानातून माहिती बाहेर जाते ती बहुतेक वेळा डिलिव्हरीच्या खोक्यावरून, काउंटरवरच्या मोठ्या आवाजातून नाहीतर कुणाच्या तरी व्हॉट्सॲप स्टेटसवरून. म्हणून क्रम असा ठेवा: आधी घ्यायची माहिती कमी करा, मग ती कुठे राहील ते ठरवा, मग कोण बघेल ते, मग कधी पुसायची ते. पासवर्ड-बिसवर्ड त्यानंतर.

## सुरू करण्याआधी: आपल्याला लागतं काय

बऱ्याच दुकानांच्या वेबसाइटवर "आम्ही हिपा पाळतो" असं लिहिलेलं दिसतं, कुठून तरी कॉपी-पेस्ट केलेलं. हिपा हा पेशंटच्या माहितीबद्दलचा अमेरिकेचा १९९६ चा कायदा आहे, इंदिरानगरात व्हीलचेअर भाड्याने देणाऱ्याला तो लागत नाही. काढून टाका ते आधी, कारण जे पाळत नाही ते पाळतो म्हणून लिहिणं हीच पुढे अडचण होते.

आपल्याला लागतात ते हे. आयटी ॲक्ट २००० चं कलम ४३ए आणि त्याखालचे २०११ चे नियम. आजाराची माहिती, मेडिकल रेकॉर्ड हे त्यात "संवेदनशील" माहितीत मोडतं, आणि ती घ्यायला लेखी संमती लागते. "आपण तर छोटे, एकट्या मालकीचं दुकान" असं म्हणून सुटका नाही, त्या कलमात प्रोप्रायटरशिप आणि पार्टनरशिप फर्मही धरलेली आहे. दुसरा म्हणजे डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट २०२३, ज्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यात १८ महिने दिलेत, म्हणजे मे २०२७ पर्यंतचा हिशोब. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याचा दंड त्यात २५० कोटींपर्यंत जातो. तुमच्या दुकानाला कोणी २५० कोटी लावणार नाही हे उघड आहे, पण नोटीस आली तरी वकिलाच्या फीमध्येच महिना जातो. तिसरा, २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा, त्याबद्दल पुढे, कारण तिथे आपल्या धंद्यात एक अगदी ठराविक चूक होते.

## पायरी १: माहिती कुठून आत येते ते कागदावर उतरवा

एक रविवार काढा, दुकान बंद असताना. एक मोठा कागद घ्या आणि पेशंटबद्दलची कुठलीही गोष्ट दुकानात कुठून शिरते आणि कुठे जाऊन बसते ते लिहा. काउंटरवर दाखवलेली चिठ्ठी, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो, हॉस्पिटलच्या सिस्टरने फोनवर सांगितलेलं, झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट, डिपॉझिटसाठी घेतलेलं आधार, भाड्याच्या मशीनचा फॉर्म, टॅलीतलं लेजर, उधारीची वही, डिलिव्हरीवाल्याच्या खिशातली चिठोरी. हो, तीसुद्धा.

इथे लोक गडबड करतात ती अशी की फक्त कॉम्प्युटरमधलं लिहितात. २०२३ च्या कायद्याचा जोर डिजिटल माहितीवर आहे हे खरं, पण कागदाचा मोबाइलने फोटो काढला की तोही डिजिटलच झाला. आणि पेशंटला तर काय फरक पडतो, वहीतून गेली काय आणि क्लाउडमधून गेली काय.

तपासा: यादीतल्या प्रत्येक जागेपुढे एका माणसाचं नाव लिहिता येतंय का? "सगळेच बघतात" असं जिथे लिहावं लागलं तिथे लाल खूण करा. पहिलं काम तिथे.

## पायरी २: जेवढं लागतं तेवढंच घ्या

ही पायरी नीट केलीत तर पुढचं अर्धं काम आपोआप कमी होतं, आणि नेमकी हीच कोणी करत नाही कारण "असू दे, कधी लागलं तर" ही आपली जुनी सवय.

व्हीलचेअर, वॉकर, कमोड चेअर भाड्याने द्यायला आजार कशाला विचारायचा? वजन विचारा, घरात जिना आहे का लिफ्ट ते विचारा, दरवाज्याची रुंदी विचारा. कामाची माहिती तीच आहे. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा बायपॅप असेल तर डॉक्टरची चिठ्ठी आणि सेटिंग लागतंच, पण सेटिंग म्हणजे प्रेशर, लिटर, मास्कचा साइज. डिस्चार्ज कार्डची सगळी पानं लागत नाहीत. नातेवाईक घाईत अख्खी फाइलच पाठवतात, त्यात सोनोग्राफीपासून सगळं असतं. अशा वेळी लागणारं पान ठेवायचं, बाकीचं तिथल्या तिथे डिलीट करायचं आणि त्यांना कळवायचं की बाकीचं आम्ही ठेवलं नाही. लोकांना बरं वाटतं याने.

आधार: डिपॉझिटसाठी ओळख हवीच असेल तर मास्क्ड आधार मागा, त्यात शेवटचे फक्त ४ आकडे दिसतात आणि ते यूआयडीएआयच्या साइटवरून फुकट डाउनलोड होतं. पत्त्यासाठी लाइटबिल चालतं. ओरिजिनल कार्ड ठेवून घ्यायची पद्धत काही ठिकाणी अजून आहे, ती आजच्या आज बंद करा.

सावध: फॉर्मवर "आजार" असा मोकळा रकाना ठेवू नका. रकाना दिसला की पोरं तो भरतात, पेशंट नको म्हणत असला तरी विचारून विचारून भरतात.

## पायरी ३: संमती, मराठीत आणि सुटसुटीत

फॉर्मच्या मागे बारीक इंग्रजीत दोन पानं छापून खाली सही घेतली म्हणजे संमती झाली असं नाही. २०२३ च्या कायद्यात तर सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायची सोय द्यावी लागते. सुरगाणा, कळवणहून आलेल्या माणसाला इंग्रजी कागद देऊन फायदा काय. असं काहीतरी पुरतं:

"तुमचं नाव, फोन, पत्ता आणि डॉक्टरांची चिठ्ठी आम्ही हे मशीन देण्यासाठी, बसवण्यासाठी आणि बिलासाठी घेत आहोत. मशीन बसवणारा आमचा माणूस आणि तुमचे डॉक्टर यांच्याशिवाय ही माहिती तुम्हाला विचारल्याशिवाय कोणाला देणार नाही. मशीन परत दिल्यावर चिठ्ठी आणि रिपोर्ट आम्ही पुसून टाकू, बिल मात्र कायद्याने ठेवावं लागतं. माहिती बघायची, दुरुस्त करायची किंवा संमती मागे घ्यायची असेल, तक्रार असेल तर या नंबरवर फोन करा."

खाली सही. ऑफर आणि जाहिरातीच्या मेसेजसाठी वेगळी खूण, आणि ती खूण आधीच टिक करून ठेवायची नाही. पेशंट १८ च्या खालचा असेल, उदाहरणार्थ लहान बाळाचा नेब्युलायझर, तर आईवडिलांची सही. तक्रारीसाठी जो नंबर दिलाय तो उचलणारा माणूस नेमा, २०११ च्या नियमांत तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर वेबसाइटवर द्यायला आणि महिन्याभरात तक्रार मिटवायला सांगितलंय. छोट्या दुकानात तो अधिकारी म्हणजे मालकच, दुसरं कोण असणार.

पेशंट स्वतः सही करायच्या स्थितीत नसेल तर जो नातेवाईक सही करतोय त्याचं नाव, नातं आणि फोन लिहून घ्या. हे नातं पायरी ८ मध्ये लागणार आहे.

## पायरी ४: बिल एकीकडे, चिठ्ठी दुसरीकडे

यात खूप जण फसतात. बिलाला चिठ्ठीची झेरॉक्स पिनने लावून फाइलला टाकतात. मग जीएसटीसाठी बिलं वर्षानुवर्षं ठेवावी लागतात म्हणून आजारही वर्षानुवर्षं राहतो, आणि दर मार्चला ती अख्खी फाइल सीएच्या ऑफिसात जाते. तिथल्या आर्टिकलशिप करणाऱ्या मुलाला तुमच्या पेशंटचा कॅन्सर कशाला कळायला हवा?

दोन फाइली करा. बिलाच्या फाइलमध्ये बिल आणि ग्राहक नंबर. मेडिकल फाइलमध्ये त्याच नंबराखाली चिठ्ठी, सेटिंग, संमतीचा कागद, कुलपाच्या कपाटात. कॉम्प्युटरवरही तसंच, दोन फोल्डर, मेडिकल फोल्डरला वेगळा पासवर्ड, आणि प्रत्येकाला आपापला लॉगिन. "ॲडमिन" नावाचा एकच लॉगिन आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर, हे प्रकरण मिटवा. टॅलीत लेजरचं नाव "अमुक तमुक डायलिसिसवाले" असं ठेवायची सवयही मोडा.

मेडिकल स्टोअरचं लायसन्सही असेल तर शेड्यूल एच१ चं (चिठ्ठीवरच द्यायच्या ठराविक औषधांचं) रजिस्टर वेगळं ठेवावंच लागतं, पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव त्यात येतंच. ते काउंटरवर उघडं ठेवू नका म्हणजे झालं.

एचआयव्ही किटचं बिल: ऑपरेशनआधी हॉस्पिटल नातेवाईकांना "एचआयव्ही किट आणा" म्हणून सांगतं, म्हणजे गाऊन, गॉगल, ग्लोव्हज वगैरेचा संच. बिलावर पेशंटचं नाव आणि पुढे ठळक "एचआयव्ही किट". ते बिल मग मेडिक्लेमला जातं, ऑफिसात जातं, घरातल्या सगळ्यांच्या हातात फिरतं. २०१७ च्या कायद्याचं कलम ८ सांगतं की विश्वासाने कळलेली कोणाची एचआयव्हीची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायची नाही. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये आयटमचं नाव बदलून "सर्जिकल प्रोटेक्शन किट" करा. वर्णनही खोटं होत नाही, आणि पाच मिनिटांचं काम आहे.

## पायरी ५: व्हॉट्सॲप

आपल्या धंद्याचा खरा सर्व्हर हाच. म्हणून इथे जरा वेळ देऊ.

आधी दुकानाचा एक मोबाइल, दुकानाचं सिम, त्यावर बिझनेस व्हॉट्सॲप. चिठ्ठ्या याच नंबरवर यायच्या, कामाला असलेल्या मुलांच्या पर्सनल नंबरवर नाही. हे झाल्याशिवाय पुढचं करून उपयोग नाही, कारण मुलगा नोकरी सोडून समोरच्या दुकानात गेला की त्याच्या मोबाइलबरोबर तुमचे पेशंटही गेले, धंदाही गेला आणि त्यांची खासगी माहितीही.

मग सेटिंग. मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा, नाहीतर प्रत्येक चिठ्ठीचा फोटो गॅलरीत आणि तिथून मालकाच्या गूगल फोटोजला, म्हणजे घरच्या टॅबवर, पोरांच्या वाढदिवसाच्या फोटोंच्या मधोमध. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. लिंक्ड डिव्हायसेसची यादी दर सोमवारी बघा, जुना लॅपटॉप किंवा कोणीतरी "जरा प्रिंट काढतो" म्हणून जोडलेला पीसी तिथे सापडतो. प्रिंटवरून आठवलं, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या मेलवर किंवा नंबरवर रिपोर्ट पाठवून प्रिंट काढायचं बंद, त्याच्याकडे ते कायमचं राहतं. साधा प्रिंटर दुकानात घ्या.

डिलिव्हरीच्या ग्रुपवर चिठ्ठीचा फोटो टाकायचा नाही. तिथे फक्त ग्राहक नंबर, एरिया, वेळ, सामान. पूर्ण पत्ता आणि फोन ज्याची डिलिव्हरी त्यालाच.

यातल्या नेहमीच्या चुका:

ग्रुप आणि ब्रॉडकास्ट (एकच मेसेज, पण प्रत्येकाला वेगळा जाणारा) यातला घोळ. दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला "डायबेटिस कस्टमर" नावाचा ग्रुप बनवला की सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात आणि सगळ्यांना सगळ्यांचा आजारही कळतो.

इन्स्टॉलेशनचा फोटो स्टेटसला. "गंगापूर रोडला आज बेड आणि कॉन्सन्ट्रेटर इन्स्टॉल केला", मागे पेशंट नाकात नळी घालून झोपलेला. हे इतकं सर्रास चालतं की कोणाला खटकतही नाही. फोटो काढायचाच तर रिकाम्या बेडचा, घरात नेण्याआधी, दुकानात.

गूगल रिव्ह्यूला उत्तर. कोणी एक स्टार दिला की मालक चिडून लिहितो, "तुमच्या वडिलांना सीओपीडी होता, मास्क त्यांनीच नीट लावला नाही." झालं, वडिलांचा फुफ्फुसाचा आजार अख्ख्या जगाला सांगितला. उत्तर एवढंच: "कृपया दुकानाच्या नंबरवर फोन करा, आम्ही बघतो." तो आपला ग्राहक आहे हेसुद्धा कबूल करायचं नाही तिथे.

आणि एक, याला चूक म्हणू का नको ते कळत नाही: पेशंट गेल्यावर घरच्यांना "बायपॅप मास्कवर २० टक्के सूट" असा मेसेज जाणं. मशीन परत आलं की त्याच दिवशी तो नंबर जाहिरातीच्या यादीतून काढा, कारण विचारत बसू नका आणि लिहूनही ठेवू नका.

## पायरी ६: काउंटर, खोकं आणि वॉचमन

मॉनिटरचं तोंड गिऱ्हाइकाकडे नको. "कोलोस्टॉमी बॅग कुणाची आहे हो?" असं ओरडायचं नाही, बिल नंबर पुकारा. गर्दी असेल तर गिऱ्हाइकाला चिठ्ठी पुढे करू द्या, मोठ्याने वाचून दाखवू नका, शेजारी त्याच्याच सोसायटीतला माणूस उभा असू शकतो, नाशिक केवढं मोठं आहे म्हणा.

डायपर, कॅथेटर, स्टोमा बॅगचं कंपनीचं खोकं तसंच पाठवू नका, साध्या खोक्यात किंवा काळ्या पिशवीत घाला. बाहेर फक्त नाव, फ्लॅट नंबर, दुकानाचा नंबर. बिलावर वस्तूचं वर्णन लागतंच, ते टाळता येत नाही, म्हणून बिल बंद पाकिटात. आधी फोन: "सामान घरीच देऊ की वॉचमनकडे ठेवलं तर चालेल?" न विचारता वॉचमनकडे ठेवायचं नाही, आणि त्याने "काय आहे यात" विचारलं तर "सामान आहे" एवढंच.

तपासा: एखाद्या दिवशी स्वतः गिऱ्हाइकाच्या बाजूने काउंटरसमोर दहा मिनिटं उभे राहा. काय दिसतं, काय ऐकू येतं ते बघा.

## पायरी ७: परत आलेलं मशीन

ही पायरी जवळजवळ कोणालाच माहीत नसते. सीपॅप-बायपॅपमध्ये बहुतेक वेळा एसडी कार्ड असतं, कितीला झोपले, किती तास लावलं, श्वास कितीदा अडला, सगळं त्यात. काही मशीन सिमवरून किंवा ॲपवरून क्लाउडला माहिती पाठवतात. ग्लुकोमीटर आणि बीपीच्या मशीनलाही मेमरी असते. दुकानदार मशीन पुसतो, फिल्टर बदलतो, नळी बदलतो आणि पुढच्या घरी पाठवतो. आता नव्या पेशंटकडे जुन्या पेशंटच्या रात्रींचा हिशोब, आणि त्याहून वाईट म्हणजे दोघांचा डेटा एकत्र झाला की डॉक्टर चुकीचे आकडे बघून प्रेशर बदलू शकतात. हा फक्त प्रायव्हसीचा मुद्दा राहत नाही मग.

क्रम नीट पाळा, यात उलटसुलट चालत नाही:

१. घरच्यांना विचारा, डॉक्टरांना रिपोर्ट हवाय का. हवा असेल तर आधी तो काढून त्यांना द्या. एकदा पुसलं की परत येत नाही.
२. क्लाउड किंवा ॲपमध्ये मशीन त्या पेशंटच्या नावावर जोडलेलं असेल तर ते काढा. हे राहिलं तर पुढच्या पेशंटचा डेटा जुन्याच्या नावावर जात राहतो.
३. मशीनच्या क्लिनिकल मेनूतून डेटा इरेज करा आणि एसडी कार्ड फॉरमॅट करा, किंवा सरळ नवं कार्ड टाका.
४. आता साफसफाई, फिल्टर, नळी. मशीनवर चिकटवलेलं पेशंटच्या नावाचं लेबल खरवडून काढा, मार्करने खोडलेलं वाचता येतं.
५. रजिस्टरमध्ये मशीन नंबर, तारीख, पुसणाऱ्याची सही.

सावध: रिपेअरला कंपनीकडे पाठवतानाही कार्ड काढूनच पाठवा.

## पायरी ८: कोणी माहिती मागितली तर

फोन येतो, "मी त्यांचा पुतण्या बोलतोय, काकांना कुठलं मशीन दिलंय?" आवाज प्रेमळ असतो, माणूस खराही असतो, तरी सांगायचं नाही. फॉर्मवर ज्याचं नाव आणि नंबर आहे त्यालाच, आणि तेही आपण त्या नंबरवर उलटा फोन करून. "फॉर्मवरच्या नंबरवर मी लगेच फोन लावतो" म्हटलं की कोणी रागावत नाही.

ऑफिसचा एचआर, मेडिक्लेमचा तपासनीस: आधी पेशंटची लेखी परवानगी दाखवा, असं त्यांना म्हणायचं. पोलिस आले तर लेखी पत्र घ्या, त्यात जेवढं मागितलंय तेवढंच द्या, प्रत ठेवा.

आणि कंपनीचा माणूस. "तुमच्या स्टोमा पेशंटची लिस्ट द्या, स्कीम लावून देतो." इथे मोह होतो, मार्जिन कमी झालंय, सगळं कळतं. पण २०११ च्या नियमांप्रमाणे तिसऱ्याला द्यायला पेशंटची आधी परवानगी लागते, आणि पैसे किंवा फायदा घेऊन ग्राहकाची माहिती दिलीत तर आयटी ॲक्टच्या कलम ७२ए मध्ये ३ वर्षांपर्यंत कैद आहे. त्याचं कार्ड ठेवून घ्या आणि पेशंटला सांगा, वाटलं तर तो फोन करेल.

## पायरी ९: पुसायची तारीख

जीएसटीची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. एच१ रजिस्टर ३ वर्षं. बाकी चिठ्ठ्या, रिपोर्ट, आधारच्या प्रती: मशीन परत आलं, डिपॉझिट दिलं, वाद नाही, की महिन्याभरात बाहेर. दर महिन्याची एक तारीख ठरवा आणि दुकानाच्या कॅलेंडरवर खूण करा.

मोबाइलमधून डिलीट केलं की ट्रॅश आणि बॅकअपही बघा. कागद रद्दीवाल्याला तसाच द्यायचा नाही, तो पुड्या बांधायला जातो आणि तुमच्या पेशंटचा ईसीजी शेंगदाण्यांभोवती फिरतो. छोटा श्रेडर घ्या, नाहीतर निदान नावाचा भाग फाडून भिजवून टाका. जुना कॉम्प्युटर विकताना हार्डडिस्क काढून घ्या.

## पायरी १०: गडबड झालीच तर

चिठ्ठी चुकीच्या नंबरवर गेली: डिलीट फॉर एव्हरीवन लगेच, मग त्या माणसाला फोन करून त्याच्याकडूनही डिलीट करून घ्या, मग ज्याची चिठ्ठी होती त्याला स्वतः सांगा. शेवटचं काम लोक टाळतात. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं.

दुकानाचा मोबाइल हरवला: सिम ब्लॉक करून त्याच नंबरचं नवीन घ्या आणि दुसऱ्या फोनवर व्हॉट्सॲप चालू करा, म्हणजे जुन्यावरचं बंद पडतं. मग पोलिसांत तक्रार, आणि त्या तक्रारीवर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून हँडसेट ब्लॉक.

कॉम्प्युटरवर फाइली लॉक झाल्या आणि पैसे मागतायत: नेटची वायर काढा, वायफाय बंद, पैसे देऊ नका, फॉरमॅट मारायची घाई करू नका, पुरावा जातो. सर्ट-इनच्या (सायबर हल्ल्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था) एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशी घटना कळल्यापासून ६ तासांत त्यांना मेलने कळवायची असते. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, खात्यातून पैसेही गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, आधी फोन. २०२३ च्या कायद्याचे नियम पूर्ण लागू झाले की ज्यांची माहिती फुटली त्या प्रत्येकाला आणि डेटा प्रोटेक्शन बोर्डाला विनाविलंब कळवावं लागेल, आणि ७२ तासांत बोर्डाला सविस्तर. कोणाला कळवायचं ही यादी माहितीच्या नकाशावरूनच काढावी लागते, म्हणून पायरी १ चा तो कागद दर सहा महिन्यांनी नवा करा आणि त्याची एक प्रत दुकानाबाहेर, घरी ठेवा, कारण ज्या दिवशी कॉम्प्युटर उघडत नाही त्या दिवशी कॉम्प्युटरमधला नकाशाही उघडत नाही.